गोटा मंडळातल्या अंजनाबाई

अंजनाबाई दुर्गे चंद्रपूरच्या एका मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायच्या. दर वर्षी पावसाळा सरला की सातवीच्या वर्गात दगडी कोळशाचा धडा यायचा. फार पूर्वी इथे जंगल होतं, ते गाडलं गेलं, दबलं आणि त्याचा कोळसा झाला. दहाबारा वर्षांत हे वाक्य बाईंच्या तोंडात इतकं बसलं होतं की ते सांगता सांगता त्या फळ्यावर नकाशा काढत आणि मागच्या बाकावरची चुळबुळही टिपत. १९८१ साली मात्र रंभा नावाच्या एका मुलीनं मध्येच हात वर केला. तिचा बाप खाणीत होता.

"बाई, तुम्ही पायलं का ते जंगल?"

वर्ग खिदळला. बाईंनाही हसू आलं, पण उत्तर देताना त्या अडखळल्या. "नाही गं," त्या म्हणाल्या. "पुस्तकात आहे ते सांगते."

दुसऱ्या दिवशी रंभानं चिंधीत गुंडाळलेली एक करडी चीप त्यांच्या टेबलावर आणून ठेवली. कोळशाच्या थराबरोबर असे दगड निघतात, कोणी ते पाहतही नाही, म्हणाली. चिपेवर एक पान उमटलं होतं. जिभेसारखं लांबट, मधून ठसठशीत शीर गेलेली आणि दोन्ही बाजूंना बारीक जाळी. आत्ता झाडावरून गळून पडल्यासारखं. मधल्या सुट्टीत बाई डबा खायच्या विसरल्या.

त्यांचं माहेर सिंदेवाहीकडच्या एका खेड्यातलं. छप्पन साली दीक्षा घेऊन बाप घरी आला आणि भाकरीला हात लावायच्या आधी म्हणाला, "आता पोरगी शिकन." पोरगी शिकली, शिक्षिका झाली, एसटीत कंडक्टर असलेल्या देवराव दुर्ग्यांशी तिचं लग्न झालं, दोन मुलगे झाले. सगळं यथासांग चाललं होतं. आपलं काही राहून गेलंय असं बाईंना कधी वाटलंही नव्हतं. त्या चिपेनं मात्र त्यांची झोप उडवली. हे पान कोणत्या झाडाचं? ते झाड गेलं कुठे? शाळेतल्या विज्ञानाच्या सरांना विचारलं तर ते म्हणाले, "अभ्यासक्रमात नाही ते."

शेवटी एका शनिवारी दुपारी बाई सरळ खाणीच्या ऑफिसात गेल्या. तिथे वामनराव गहाणे नावाचे भूवैज्ञानिक होते. उंच, हडकुळे, बोलायला तुटक. बाईंनी चीप पुढे ठेवली. वामनरावांनी ती उन्हात धरली आणि एकदम खुर्ची ओढून म्हणाले, "बसा." मग तासभर ते त्या पानाबद्दल बोलत राहिले. असली झाडं आता पृथ्वीवर कुठेच नाहीत, त्यांची पानं थंडीत गळायची, इथे तेव्हा दलदल होती, आणि हीच पानं आफ्रिकेतही सापडतात. निघताना म्हणाले, "रविवारी सकाळी बापूरावांच्या दुकानात या. आम्ही दोनतीन वेडे जमतो तिथे."

बापूराव पिंपळशेंडे घड्याळजी. गोल बाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं एवढंसं दुकान, आणि दुकानाच्या मागे पडवी. डोळ्याला भिंग लावून घड्याळाची चाकं बघता बघता त्यांना वाळूचे कण बघायचा नाद लागला होता. इरईची वाळू वेगळी, वर्धेची वेगळी, हे ते गिऱ्हाइकालाही दाखवत, मग गिऱ्हाइकाला घाई असो की नसो. पडवीत त्या दिवशी बापूराव होते, वामनराव होते, जवळच्या सिमेंट कारखान्यातले एक रसायनवाले होते आणि चामोर्शीहून पहाटेच्या गाडीनं आलेले सोमाजी चलाख होते. सोमाजींची धानगिरणी होती. तांदळातले खडे निवडता निवडता खड्यांवरच जीव जडला, असं ते स्वतःबद्दल सांगत. बाई आल्या तसे चौघेही उठून उभे राहिले. पडवीत खुर्च्या चारच होत्या.

त्या हिवाळ्यात मंडळाची रीतसर स्थापना झाली. नाव ठेवलं 'चंद्रपूर जिल्हा भूविज्ञान मंडळ'. बाजारात मात्र त्याचं नाव 'गोटा मंडळ' पडलं आणि तेच टिकलं. शिकलेले भूवैज्ञानिक आणि हौशी लोक एकाच सतरंजीवर बसायचे. महिन्यातून एक रविवार कुठेतरी जायचं, बघायचं, आणि पुढच्या रविवारी पडवीत बसून त्यावर भांडायचं. अंजनाबाई चिटणीस झाल्या, कारण अक्षर त्यांचंच चांगलं होतं.

देवरावांनी सुरुवातीला कपाळाला हात लावला. "लोकाईच्या बायका गावाहून तांदूळ मागवतात, तू गोटे मागवून राह्यली," ते म्हणाले. पण चामोर्शीच्या गाडीत सोमाजी पोतं टाकत तेव्हा ते स्वतः सीटखाली सरकवून घेत आणि उतारूंना दरडावत, "पाय जपून ठेवा गा, मास्तरीणबाईचं सामान आहे."

पहिल्याच वर्षी एक कटू प्रसंग आला. वामनरावांनी भूमिगत खाण बघायची परवानगी काढली. छतावर पानंच पानं दिसतात, असं त्यांनी सांगितल्यापासून बाईंच्या डोळ्यांसमोर दुसरं काही नव्हतं. रविवारी सगळे खाणीच्या तोंडाशी जमले, टोप्या आणि दिवे वाटले गेले, आणि मॅनेजर बाईंकडे बघून घुटमळले. बायकांना जमिनीखाली काम करायला कायद्यानं मनाई होती. पाहुणी म्हणून तरी उतरू द्या, असं बापूरावांनी म्हणून पाहिलं. मॅनेजर भला माणूस होता, पण नाही म्हणाला. वामनराव ओशाळले. परवानगी काढताना हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"मग कोणीच नको जायला," सोमाजी म्हणाले.

"काऊन?" बाई म्हणाल्या. "तुमी जा. वर येऊन मले सांगा."

पुरुष खाली गेले. बाई थोडा वेळ कडुनिंबाखाली बसल्या. वाईट वाटलंच, नाही कसं? पण बसून राहायचा त्यांचा पिंड नव्हता. पलीकडे खाणीतून काढलेल्या मातीदगडांचा ढीग होता आणि त्यावर खाणकामगारांच्या बायका जळणासाठी कोळसा वेचत होत्या. बाई पदर खोचून त्यांच्यात गेल्या. काय शोधता, म्हणून बायकांनी विचारलं. बाईंनी सांगितलं. "हात्तिच्या, पानं?" त्या म्हणाल्या आणि त्यांनी चिपा फोडायला सुरुवात केली. गप्पा मारता मारता ढिगाच्या कडेला पानांची रांग लागली. बायकांनाही त्यात मजा वाटू लागली. माझं मोठं की तुझं मोठं, अशी चढाओढ सुरू झाली.

दुपारी पुरुष वर आले तेव्हा सगळ्यांची तोंडं काळी होती, आणि ती रांग बघून सोमाजी इतके हसले की त्यांच्या काळ्या गालांवरून पाण्याचे ओघळ आले. वामनराव हसले नाहीत. त्यांनी खिशातून रुमाल काढला, उलगडला आणि बाईंच्या हातात छताचा एक तुकडा ठेवला. त्यावर एकही पान नव्हतं. एक बी होतं, डाळीएवढं. "हे तुमच्यासाठी," ते म्हणाले. त्या दिवसापासून या तुटक माणसाबद्दल बाईंच्या मनात माया उत्पन्न झाली.

ब्याऐंशीच्या ऑगस्टात जिल्हा फुटला. गडचिरोली वेगळी झाली आणि पडवीत वादळ उठलं. सोमाजींसह पलीकडची सातआठ मंडळी आता नव्या जिल्ह्याची. त्यांच्यापैकी काहींचं म्हणणं पडलं की आपलं वेगळं मंडळ काढू. कलेक्टर वेगळा, मग मंडळ काऊन नाही? बापूराव चिडले. "जा मग, आणि तुमचे गोटेही घेऊन जा," म्हणाले आणि खरंच उठून फळीवरचे दगड निवडू लागले. कोणता दगड वैनगंगेच्या अलीकडचा आणि कोणता पलीकडचा यावरून त्यांची आणि सोमाजींची अशी जुंपली की दुकानात आलेलं गिऱ्हाईक घड्याळ तसंच ठेवून पळालं.

बाई बराच वेळ ऐकत होत्या. मग त्यांनी विचारलं, "तो लाल गोटा कुठचा, बापूरावभाऊ?"

"नदीतला."

"नदीच्या कोण्या अंगाचा?"

बापूराव थांबले. सोमाजींनी दगड हातात घेऊन उलटासुलटा केला. "मधातला आहे," ते म्हणाले. "उन्हाळ्यात आपण दोघंच तं गेलो होतो."

मंडळाचं नाव त्याच बैठकीत बदललं. 'वैनगंगा भूविज्ञान मंडळ'. बैठका एकदा या तीरावर आणि एकदा त्या तीरावर घ्यायचं ठरलं. सोमाजींनी चिवडा मागवला.

पुढची दोनतीन वर्षं बाईंच्या आयुष्यातली भरभराटीची. मंडळ पन्नासच्या वर गेलं. त्यात वकील आले, फॉरेस्टचे गार्ड आले, बोअरवेल खणणारे आले. संग्रह इतका वाढला की पडवीत पाय ठेवायला जागा उरली नाही. बाईंनी मुख्याध्यापिकेच्या मागे लागून लागून शाळेतली जुनी शिवणकामाची खोली मिळवली. स्वतः चुना मारला, सुट्टीत फळ्या ठोकून घेतल्या. खोलीच्या मधोमध त्यांनी मोठी जागा मोकळी सोडली होती. तिथे काहीतरी असं ठेवायचं की बघणाऱ्याची मान वर व्हावी. ते काय, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

ते पंच्याऐंशीच्या जानेवारीत सापडलं. सिरोंचाच्या बाजूला बोडेपाल नावाच्या गावाजवळ नाल्यात लाकडाचा दगड झालेला ओंडका आहे, अशी बातमी एका फॉरेस्ट गार्डानं आणली. मंडळाची बारा माणसं निघाली. आल्लापल्लीपर्यंत सागाचं जंगल, पुढेही जंगलच. गाडी दिवसभर धावली, दोनदा बंद पडली. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे नाल्यात उतरले. वाळूत आडवं झाड पडलं होतं. विटकरी आणि मधाच्या रंगाचं. साल दिसत होती, गाठी दिसत होत्या, जिथे मोडलं होतं तिथे आतली वर्तुळं दिसत होती. हात लावला की गार दगड. त्याचे चार तुकडे एका ओळीत पडले होते. एकेक तुकडा बैलगाडीत मावला असता. बाईंनी मनातल्या मनात तो ओंडका खोलीच्या मधोमध ठेवूनही पाहिला.

गावचा पाटील जंगू वेलादी काठावर उभा राहून बघत होता. जंगलतोडीच्या कामावर राहिल्यानं त्याला मराठी येत होती.

"भिवसनची काठी आहे ते," तो म्हणाला. "भिवसन देव चालून चालून थकला, इथी काठी टेकवली अन् झोपला. उठला तं इसरून गेला. कधी तरी येईन न्यायले."

वामनरावांनी त्याला समजावून सांगितलं. मोठ्या गावी, शाळेत ठेवू, हजारो लोक बघतील, गावाचं नाव होईल.

जंगूनं सगळं शांतपणे ऐकलं. "तो आला अन् त्यानं इचारलं तं मी काय सांगू?" तो म्हणाला. "चंद्रपूरले नेली म्हणू?"

कोणीतरी हसलं. जंगू हसला नाही.

वामनरावांचा धीर सुटत चालला होता. "पाटील, आम्ही नाही नेलं तर उद्या कोणी ट्रक घेऊन येईल. फोडून विकेल. दुसऱ्या नाल्यातून असंच गेलंय, मी डोळ्यांनी पाहिलंय." ते खोटं बोलत नव्हते.

जेवायची सुट्टी झाली. बाई एकट्याच पुन्हा नाल्यात उतरल्या. तिथे गावातल्या बायका भांडी घासत होत्या, आणि जंगूची बायको समक्का त्याच ओंडक्यावर बसली होती. तिला मराठी येत नव्हती, बाईंना ना तेलुगू ना गोंडी. समक्कानं सरकून जागा दिली. बाई बसल्या. थोड्या वेळानं समक्कानं बाईंचा हात धरला आणि दगडावरच्या एका गुळगुळीत खोलगट जागी ठेवला. मग कमरेचा विळा काढून त्याच जागी दोनदा ओढून दाखवला. धार लावायची जागा होती ती. आपल्याकडे बोट केलं, मग हात मागे मागे नेला. आई, आजी, तिचीही आई. बाईंनी त्या खोलगट जागेवरून बोटं फिरवली. ती तळहाताएवढी होती.

दुपारच्या बैठकीत बाई म्हणाल्या, "आपण हे इथेच राहू द्यावं."

वामनरावांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "बाई, खोली तुम्ही तयार केलीत."

"केली. मले का वाईट नाही वाटत?" बाई म्हणाल्या. "पण आपण नेऊ तो लाकडाचा दगड असेल, वामनरावजी. हा नाला, हे काठ, ही माणसं आपल्याला नेता येतील का? मुलींना मी इथे घेऊन येईन. जंगूदादा राखण करतो म्हणाले तर माझा विश्वास आहे."

हात वर झाले. बहुतेक बाईंच्या बाजूनं. जंगूनं राखणीचा शब्द दिला. वामनराव परतीच्या गाडीत एकटेच खिडकीशी जाऊन बसले, आणि पुढच्या दोन बैठकांना आले नाहीत. बाईंना ते फार लागलं. होळीच्या दुसऱ्या दिवशी दारात सायकल वाजली. वामनराव उभे होते, कॅरियरला पोतं. "माझ्या घरचे दगड आहेत," ते म्हणाले. "कॉलेजपासूनचे. तुमच्या खोलीत मधली जागा रिकामी बरी नाही दिसत." देवरावांनी त्यांना ओढून आत नेलं आणि पुरणपोळी वाढली.

शहाऐंशीच्या पावसाळ्यात गोदावरीला न भूतो असा पूर आला. प्राणहिता फुगली, नाले उलटे वाहिले. सिरोंचाच्या गाड्या बंद पडल्या. त्या सुरू झाल्यावर एका ड्रायव्हरनं देवरावांना निरोप सांगितला. बोडेपालचे लोक सुखरूप आहेत, पण काठी दिसत नाही. देवरावांनी घरी येऊन तो भीतभीतच सांगितला. बाई भाजी चिरत होत्या. त्यांनी विळी बाजूला सारली. माणसं वाचली हे पहिलं सुख, पण आपल्या एका शब्दामुळे कोट्यवधी वर्षं टिकलेली वस्तू गेली, हे कसं गिळायचं? मंडळाच्या बैठकीत त्यांनी मान वर केली नाही. आता वामनराव बोलतील, असं सगळ्यांना वाटलं. वामनराव एवढंच म्हणाले, "दगड आहे, बाई. वितळत नाही. असेल कुठेतरी."

होता. पुढच्या उन्हाळ्यात एके दिवशी बापूरावांच्या दुकानापुढे खांद्यावर घोंगडी टाकलेला माणूस येऊन उभा राहिला आणि "गोटावाली बाई कुठी राहते?" म्हणून विचारू लागला. जंगू वेलादी होता. आयुष्यात पहिल्यांदा चंद्रपूरला आला होता. बापूरावांनी दुकान बंद केलं आणि त्याला घेऊन थेट शाळेत गेले.

"काठी वाळूत गेली होती," जंगूनं सांगितलं. "राखीन म्हटलं होतं न तुमाले. गाव लागलं खोदाले. पाणी आटल्यापासून खोदून राह्यलो. निघाली." मग तो थोडा घुटमळला. "पण बाई, एक नाई आहे. काठ ढासळला न, त्याच्यामांगं लय आहेत."

आठवड्याच्या आत मंडळ बोडेपालला होतं. पुरानं नाल्याचा काठ उभा कापला होता, आणि त्या कापात, मातीत अर्धे रुतलेले, ओंडकेच ओंडके दिसत होते. काही आडवे, एकावर एक पडलेले. आणि दोन बुंधे तर मुळांसकट उभे, जिथे वाढले तिथेच. वामनराव हातोडा न काढता वाळूत मटकन खाली बसले. सोमाजींना वाटलं उन्हानं चक्कर आली, म्हणून ते पाणी घेऊन धावले. पण वामनराव रडत होते, आणि त्याची त्यांना लाजही वाटत नव्हती. "चार तुकडे नेले असते ना आपण," ते बाईंना म्हणाले, "तर इथे परत कोण आलं असतं? कोणी खोदलं असतं?"

उभ्या बुंध्याजवळ जाऊन बाईंनी त्याला दोन्ही हातांनी कवळ घातली. हात पुरेनात. पलीकडून समक्कानं हात पुढे केले, तेव्हा कुठे बोटांना बोटं लागली.

जंगू मात्र विचारात पडला होता. इतक्या काठ्या कोणाच्या? शेवटी त्यानं निकाल दिला. "भिवसन एकटा नव्हता वाटते. संगं लोक होते त्याच्या."

तेव्हापासून मंडळाचं वार्षिक संमेलन दर जानेवारीत बोडेपालला भरू लागलं. नागपूरहून प्राध्यापक येत, शाळेच्या मुली येत, देवराव रजा टाकून येत आणि स्वयंपाकाचा ताबा घेत. काठाला गावकऱ्यांनी दगडी बांध घातला. एकोणनव्वद साली अंजनाबाईंना अध्यक्ष केलं, तेव्हा तिथे पाटी लावायचं ठरलं. पाटीवर आधी काय लिहायचं, झाडांचं वय की भिवसनची गोष्ट, यावर वामनराव आणि जंगू सकाळभर वाद घालत बसले. दोघांनाही त्यात आनंद होत होता. बापूराव ब्रश हातात घेऊन ताटकळले होते आणि रंग सुकत चालला होता.

बाई त्या वादात पडल्या नाहीत. मुली नाल्यात पसरल्या होत्या, चुलीवर भात शिजत होता, आणि समक्का बाईंना रानातले कसलेसे कंद भाजून सोलून देत होती. गरम होते. बाई फुंकर मारून खात होत्या. वरून देवरावांची हाक आली, "भात झाला! भांडणं जेवल्यावर करा गा!" तसे जंगू आणि वामनराव एकमेकांना हात देत काठ चढू लागले.